नाताळची कथा पाठ आहे, विश्वासही आहे, पण ओढ वाटत नाही. काय करावं?

तुम्ही विचारलंय, लहानपणापासून प्रभू येशूच्या जन्माची कथा ऐकतोय, खरीही मानतो, पण डिसेंबर आला की मन कोरडंच राहतं. उत्सुकता आणायची कुठून?

मी म्हणेन, ती यायची वाट बघू नका, आधी निघा. मेंढपाळांचंच घ्या. आपल्याकडं सोयाबीन निघालं की धनगर रिकाम्या रानात मेंढ्या बसवतात. रात्री वाघर म्हणजे जाळ्याचं कुंपण लावलेलं, कुत्री राखणीला, तरी माणूस पुरता झोपत नाही. लांडग्याची भीती आहेच, शिवाय शेजारच्या ज्वारीत मेंढरं शिरली तर सकाळी भांडण ठरलेलं. असा कळप सोडून कुणाचं तरी बाळ बघायला कोण जाईल? बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातले मेंढपाळ देवदूताकडून येशूच्या जन्माची बातमी ऐकून घाईघाईने गेले. कळपाजवळ कुणी थांबलं का, ते लूक सांगत नाही. (आमच्या नाताळच्या नाटकात मेंढरं सोबतच येतात, पांढरे टॉवेल पांघरून.) देवदूत दिसला तेव्हा ते फार घाबरले होते. देवाची स्तुती करत आले ते परतताना. मागी लोकांचंही, म्हणजे तारा बघून पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांचंही तसंच. तारा पुन्हा दिसून त्यांना अतिशय आनंद झाला, तो यरुशलेम सोडून वाटेला लागल्यावर.

आता मत्तयाच्या शुभवर्तमानातले शास्त्री, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राचे जाणकार बघा. हेरोद राजाने विचारलं, ख्रिस्त कुठे जन्मणार? त्यांनी मीखा संदेष्ट्याचं वचन काढून बिनचूक सांगितलं, बेथलेहेमात. ते गाव यरुशलेमहून आठ-नऊ किलोमीटर, चालत दोन-अडीच तास. त्यांच्यातलं कुणी गेल्याचं मत्तय लिहीत नाही. आपण जन्माचे ख्रिस्ती बहुतेक याच रांगेत बसतो, खरं सांगायचं तर.

दोष विद्येचा नाही. मागीही जाणतेच होते. आणि आपल्या जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणारे नारायण शेषाद्री ब्राह्मण घरातले, शिकलेले. 1843 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कळल्यावर ते उठले, एवढंच.

स्वभाव शांत असेल तर येशूच्या आईकडं, मरीयेकडं बघा. तिने या गोष्टी मनात ठेवून त्यांचं मनन केलं. पण तीसुद्धा आधी आपल्या नातलग अलीशिबेला भेटायला डोंगराळ प्रदेशात त्वरेने गेलीच होती.

तेव्हा यंदा लूक आणि मत्तय वेगवेगळे वाचा, एकत्र कालवू नका. आणि कॅरल म्हणणाऱ्या पोरांबरोबर बाहेर पडा, आवाज कसा का असेना. आमची पोरं उसाच्या फडाजवळच्या ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवरही जातात. तिथं बाळंतीण असेल तर एकच गाणं, तेही हळू, आणि डिंकाचे लाडू देऊन निघायचं. तुमच्या गावात कुणाकडं जायचं ते पाळकांना विचारा, त्यांना घरं माहीत असतात.