आठच्या जागी तीन दिसतो, तरी फौजेत जायचंय

ताई, मी सातारा जिल्ह्यातला, वय 19. दोन वर्षं अकॅडमीत अग्निवीर भरतीची तयारी करतोय. 1.6 किलोमीटर 5 मिनिटं 20 सेकंदांत पळतो, दहा पुलअप सहज काढतो, ऑनलाइन परीक्षाही पास झालोय. पुढच्या महिन्यात ग्राउंड आहे. गेल्या आठवड्यात अकॅडमीत डोळ्यांची तपासणी झाली. ठिपक्यांच्या पुस्तकात सगळ्यांना 8 दिसत होता, मला 3 दिसला. लाल-हिरव्याचा रंगांधळेपणा आहे म्हणाले. आता आठवतं, मिरच्या तोडताना पिकलेल्या सोडून पुढे जातो म्हणून बहीण नेहमी ओरडायची. अकॅडमीत येणारा एक जण म्हणतो, 60 हजार दे, लेन्स लावून देतो आणि पुस्तकाचे आकडेही पाठ करून घेतो. वडील रिटायर्ड हवालदार आहेत, त्यांना अजून सांगितलेलं नाही. आईला सांगितलं, तर ती रडत बसली, कारण मामालाही हेच आहे. धाकटा भाऊ आठवीत आहे, तोही रोज माझ्याबरोबर पळतो. यावर इलाज आहे का? पैसे देऊ का? वडिलांना काय सांगू?

— नाव छापू नका

बाळा,

पैसे देऊ नकोस. थोडे दिले असतील तर ते गेले असं समज, पण आता एक रुपयाही नको. बाकीचं सावकाश बोलू, हे मात्र आजच ठरव.

हा धंदा कसा चालतो ते बघ. असा माणूस दहा मुलांकडून पैसे घेतो. त्यातली काही मुलं स्वतःच्या तब्येतीवर मेडिकल पास होतात आणि त्यांना वाटतं याच्यामुळे झालं. जी पडतात त्यांना सांगितलं जातं, "वरचा साहेब बदलला." त्याने काहीही केलं नाही तरी त्याचं नाव होतं. तुझ्यासारख्या मुलाच्या बाबतीत तर त्याला करण्यासारखं काही नसतंच.

लेन्सचं आधी सांगते. ती लाल रंगाची कॉन्टॅक्ट लेन्स असते, बहुतेक एकाच डोळ्यात घालतात. तिच्यामुळे लाल आणि हिरव्यातला उजेड-अंधाराचा फरक बदलतो आणि काही पानांवरचे आकडे उठून दिसायला लागतात. रंग दिसायला लागत नाहीत. भरतीच्या मेडिकलला डॉक्टर टॉर्च मारून डोळा जवळून बघतात, आणि बुबुळावरची लाल चकती त्या उजेडात लपत नाही. रंगीत चष्म्यांचंही तेच. घरी फुलं बघायला छान, तपासणीच्या टेबलावर उपयोग नाही.

आता पाठांतराचं. ते पुस्तक इशिहारा या जपानी डॉक्टरांच्या नावाने ओळखलं जातं. मोठ्या आवृत्तीत 38 पानं असतात. पहिल्या पानावरचा 12 सगळ्यांना दिसतो, ज्याला काहीच रंग कळत नाही त्यालाही. तो दिसत नाही असं जो म्हणतो, तो खोटं बोलतोय किंवा त्याची नजरच कमी आहे, हे डॉक्टरला तिथेच कळतं. मग तुझं ते 8 चं पान, जे लाल-हिरव्याची अडचण असलेल्याला 3 दिसतं. पुढे 29 चे 70 होतात, 74 चे 21 होतात. त्यापुढच्या काही पानांवर इतरांना आकडा दिसतो आणि तुला नुसते ठिपके दिसतात. इथपर्यंत कोणी पाठ करेलही. पण 18 ते 21 ही पानं उलटी आहेत. तिथे ज्याची नजर ठीक आहे त्याला आकडा दिसत नाही, आणि तुझ्यासारख्याला 5, 2, 45, 73 असे आकडे दिसू शकतात. शेवटच्या पानांवर आकडेच नाहीत, ठिपक्यांतून जाणारी वळणावळणाची रेघ आहे, ती ब्रशने गिरवायची असते. डॉक्टर पानं मधूनच उघडतात, मागेपुढे करतात आणि एका पानाला साधारण तीन सेकंद देतात. पाठ केलेला मुलगा त्या तीन सेकंदांत पान ओळखत बसतो आणि ते डोळ्यांवरून दिसतं.

आणि समजा, पुस्तक निभावलं. मार्टिनचा कंदील असतो. अंधाऱ्या खोलीत बारीक भोकातून लाल, हिरवा, पांढरा दिवा दाखवतात आणि रंग विचारतात. तिथे पाठ करायला काही नाही.

पण याच कंदिलात तुझ्यासाठी एक खरी शक्यताही आहे, म्हणून नीट वाच. सैन्याच्या मेडिकलमध्ये रंगदृष्टीचे दर्जे असतात, सीपी-1 सगळ्यात कडक. अग्निवीर भरतीसाठी सीपी-3 मागतात. त्याचा अर्थ असा, की दीड मीटरवरून मार्टिनच्या कंदिलातला पांढरा, सिग्नलचा लाल आणि सिग्नलचा हिरवा बरोबर ओळखता आला पाहिजे, किंवा पुस्तकातली ठरवलेली पानं वाचता आली पाहिजेत. ज्याचा दोष सौम्य आहे, तो पुस्तकात अडखळला तरी दीड मीटरवरचा दिवा ओळखू शकतो. ज्याचा जास्त आहे, त्याला ते जमत नाही. तुझा दोष किती आहे हे तुलाच माहीत नाही, आणि अकॅडमीतल्या दहा मिनिटांच्या तपासणीवरून ते कळतही नाही.

तेव्हा या आठवड्यातलं काम हे. नेत्रतज्ज्ञाकडे जा, चष्म्याच्या दुकानात नको. मोबाइलवरची चाचणी अजिबात धरू नकोस, पडद्याचा उजेड आणि रंग प्रत्येक फोनवर वेगळे असतात. छापील पुस्तक, दिवसाचा उजेड, डोळ्यांपासून 75 सेंटिमीटर अंतर, पान नजरेसमोर सरळ धरलेलं, अशी ती चाचणी व्हायला हवी. पहिल्या 21 पानांपैकी 17 किंवा जास्त बरोबर आली तर नजर ठीक धरतात, 13 किंवा कमी आली तर दोष नक्की. नुसतं "कलर ब्लाइंड" एवढं लिहून घेऊन येऊ नकोस. किती पानं बरोबर आली, आणि लाल रंगाची बाजू कच्ची आहे की हिरव्याची, हे लिहून माग. पुस्तकातच त्यासाठी वेगळी पानं आहेत. मोठ्या रुग्णालयात डी-15 नावाची चाचणी होते. 15 रंगीत चकत्या रंगछटांच्या क्रमाने लावायच्या असतात. त्या नीट लागल्या तर दोष सौम्य किंवा मध्यम, क्रम उलटसुलट गेला तर तीव्र.

डॉक्टरांना आणखी दोन गोष्टी आपणहून सांग. कधी क्षयाची औषधं घेतली होतीस का? त्यातल्या एथॅम्ब्युटॉल या गोळीने डोळ्याच्या नसेवर परिणाम होऊन लाल-हिरव्याचा गोंधळ होऊ शकतो. आणि दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळं बघितल्यावर फरक वाटतो का? जन्मापासूनचा दोष दोन्ही डोळ्यांत सारखा असतो, वाढत नाही, कमीही होत नाही. एकाच डोळ्यात असेल किंवा अलीकडे सुरू झाला असेल, तर तो आजार आहे आणि त्याची तपासणी भरतीपेक्षा महत्त्वाची. तुझ्या मिरच्यांवरून आणि मामावरून हे जन्मापासूनचंच वाटतं.

त्यावर इलाज नाही. गोळ्या, आयुर्वेदिक थेंब, डोळ्यांचे व्यायाम, ऑपरेशन, कशानेही तो जात नाही. कानातला मळ, सुजलेले टॉन्सिल, ऑपरेशन करून बरा झालेला हर्निया, यांत दुरुस्ती करून पुन्हा येता येतं. अकॅडमीतली मुलं त्या गोष्टी ऐकून "मेडिकल क्लिअर करता येतं" म्हणतात. डोळ्याच्या पडद्यावरच्या रंग ओळखणाऱ्या पेशीच जन्मतः वेगळ्या असतील, तर दुरुस्त करणार काय?

सैन्य यावर का अडतं, तेही सांगते, कारण तुला तो अन्याय वाटत असणार. फौजेतला पन्नास हजारी नकाशा (जमिनीवरचे पन्नास हजार सेंटिमीटर म्हणजे कागदावर एक) डोळ्यांसमोर आण. जंगल हिरवं, उंचीच्या रेषा तपकिरी, रस्ता लाल. हिरव्या जंगलातून जाणारी बारीक तपकिरी रेघ तुझ्या नजरेला विरून जाते. रात्री आकाशात सोडलेला लाल गोळा आणि हिरवा गोळा यांचे अर्थ वेगळे असतात, आणि ते ओळखायला दोन सेकंद मिळतात. तिथे चुकलास तर तुझ्या शेजारचा जातो. लपवून आत गेलास तरी नोकरीत दर ठराविक काळाने मेडिकल होतच राहतं, आणि खोटी माहिती देऊन भरती झालेल्याला कधीही काढता येतं, हे जाहिरातीतच लिहिलेलं असतं.

ग्राउंडला जावं का? तज्ज्ञाने दोष सौम्य आहे सांगितलं तर नक्की जा. कोणी विचारलं तर खरं सांग. अनफिट दिलं तर हातात येणारी चिठ्ठी तिथेच उभं राहून वाच, कारण काय लिहिलंय ते बघ आणि तज्ज्ञांकडे पाठवता का विचार. अलीकडच्या जाहिरातींत असं आहे, की चिठ्ठी मिळाल्यापासून पाच दिवसांत नेमून दिलेल्या मिलिटरी हॉस्पिटलला हजर व्हायचं. तुझ्या चिठ्ठीवर ज्या हॉस्पिटलचं नाव असेल तिथेच जायचं, जवळचं म्हणून दुसरीकडे नाही. मुलं इथे चुकतात. गावी येतात, घरच्यांशी बोलतात, कोणाची ओळख लागते का बघतात आणि सहाव्या दिवशी पोचतात. आधार, प्रवेशपत्र आणि ती चिठ्ठी एका पिशवीत ठेवून थेट निघ. तिथल्या तज्ज्ञाचा निर्णय शेवटचा असतो, खासगी डॉक्टरचं सर्टिफिकेट त्याच्यावर चालत नाही.

दोष तीव्र निघाला तर मात्र, बाळा, अकॅडमीची पुढची फी भरू नकोस. ट्रेड्समनला (स्वयंपाकी, न्हावी अशा कामांच्या भरतीला) किंवा नौदल-वायुदलाला चालेल असं कोणी सांगेल. ट्रेड्समनलाही रंगदृष्टी लागतेच, आणि नौदल-वायुदलाची अट याहून सैल नाही. एसएससी जीडी या भरती परीक्षेतून केंद्रीय दलांत जायचं म्हटलं तरी रंगदृष्टी तपासतात. रेल्वेत लोको पायलट आणि स्टेशन मास्तर नको, पण रेल्वेच्या वैद्यकीय वर्गांत सी-1 आणि सी-2 अशी पदं असतात, त्यांना रंगदृष्टीची अट नाही. कारकुनी पदं त्यात येतात. जाहिरातीत प्रत्येक पदापुढे हा वर्ग छापलेला असतो. पोलीस, वनरक्षक, अग्निशमन, कुठलाही अर्ज असो, वैद्यकीय निकषांचं पान फी भरण्याआधी वाचायचं. तू दोन वर्षांपूर्वी ते वाचलं असतंस तर, हे मी तुला बोल लावायला म्हणत नाही. अकॅडमीने प्रवेशाच्या दिवशी ते पुस्तक समोर धरायला हवं होतं. पाच मिनिटांचं काम होतं. फी घेणाऱ्या प्रत्येकाने ते करावं, आणि करत नाहीत याचा मला मनापासून राग येतो.

सगळीच दारं बंद नाहीत. रस्ते वाहतूक मंत्रालयाने 24 जून 2020 च्या अधिसूचनेने सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना वाहन परवाना खुला केला. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट शिक्षणसंस्थेने रंगांधळेपणामुळे एका निवडलेल्या विद्यार्थ्याला फिल्म एडिटिंगला प्रवेश नाकारला होता. 12 एप्रिल 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो द्यायला लावला. सैन्याची अट यामुळे सैल होत नाही, पण बाकीच्या ठिकाणी "कलर ब्लाइंड आहेस, जा" एवढ्यावर परत फिरू नकोस, नियम लेखी माग.

आता घरचं. आईला आधी हे समजावून सांग, कारण ती स्वतःला दोष देत बसली आहे. हा गुण एक्स गुणसूत्रावरून येतो. मुलाला एक्स आईकडूनच मिळतो, वडिलांकडून वाय येतो. आईकडे दोन एक्स असतात, त्यातला एक असा आणि दुसरा धड, म्हणून तिला स्वतःला सगळे रंग दिसतात. दोनपैकी कोणता तुला जाईल हे कोणाच्याच हातात नव्हतं. मामा आणि तू, दोघांकडे तोच आला. तिने काही खाल्ल्या-प्यायल्याने किंवा काही केल्याने हे झालेलं नाही, हे तिला डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे. तुझ्या मुलग्यांना तुझ्याकडून हे येणार नाही. मुली तुझ्या आईसारख्या वाहक असतील.

वडिलांना तू स्वतः सांग, आईकडून निरोप नको. तपासणीचा कागद हातात आल्यावर सांग, त्याआधी नको. नाहीतर पहिलं वाक्य "माझी ओळख आहे, मी बघतो" असं येईल आणि तेही त्या 60 हजारवाल्यापर्यंत पोचतील. त्यांनी नोकरीत नकाशे हाताळलेले असतील. एखादा रंगीत नकाशा समोर ठेव आणि तुला कुठली रेघ दिसते, कुठली नाही, ते बोट ठेवून दाखव. मेडिकल म्हणजे काय हे फौजी माणसाला समजावून सांगावं लागत नाही, पण मुलाच्या डोळ्याने बघायला कोणीतरी लावावं लागतं. ते चिडले, दोन दिवस बोलले नाहीत, तरी पैशांची गोष्टही त्याच बैठकीत सांगून टाक. ती नंतर बाहेरून कळली तर जास्त दुखेल.

आणि डॉक्टरकडे जाताना धाकट्यालाही घेऊन जा. तोच दोष त्याच्याकडे असण्याची शक्यता निम्मी आहे. आठवीतच कळलं, तर पाच वर्षं कशासाठी पळायचं ते त्याला ठरवता येईल. नसेल, तर सकाळी तुझ्याबरोबर पळू दे त्याला.

— तुझी ताई