शेंडा वाकला म्हणून पाणी घालू नका

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही राजेंद्रनगरला राहतो, घरासमोर साधारण बारा बाय पंधराचं अंगण आहे. ऑक्टोबरात मनालीला गेलो होतो, तिथून रस्त्याकडेच्या नर्सरीतून देवदाराचं दोन फुटी रोप आणलं, ट्रेनमध्ये मांडीवर घेऊन आणलं म्हटलं तरी चालेल. आता मिस्टर म्हणतात जमिनीत लाव. सासूबाईंचं म्हणणं, त्या कोपऱ्यात एसीचं पाणी पडतं, तिथे कायम चिखल असतो, तिथे वेखंड लाव, घरचं औषध होईल. जागा एकच आहे. आणि देवदाराचा शेंडा खाली वाकायला लागलाय, सासूबाई रोज तांब्याभर पाणी घालतायत. काय लावू? – एक वाचक, इंदूर

उत्तर : पहिलं म्हणजे तो तांब्या थांबवा. देवदाराचा शेंडा वाकलेलाच असतो हो! तो सुकल्यामुळे नाही, त्याची ठेवणच तशी आहे, नवी वाढ खाली झुकते आणि मग खोड जून होत गेलं की सरळ होतं. हिडिंबा मंदिराच्या बनात तुम्ही गेलाच असाल (ते लाकडी मंदिर 1553 सालचं), तिथे परत गेलात तर लहान झाडांचे शेंडे बघा, सगळे मान टाकून उभे असतात. सुया टोकाकडून तपकिरी पडायला लागल्या तर मात्र काळजी करा, आणि तेव्हासुद्धा पाणी कमी पडलं असेलच असं नाही, बऱ्याचदा जास्तच झालेलं असतं.

आता जागेचं. सासूबाई बरोबर आहेत. मिस्टरांची बाजू घ्यायची मला फार इच्छा होती, देवदार कुणाला आवडत नाही, पण त्या कोपऱ्यात नाही जमणार.

कारण सांगते. तुमची माती कोणती? राजेंद्रनगर म्हणजे माळव्याची काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात फुगून गच्च. जुलैत कुदळ मारून बघा, चिकट गोळाच्या गोळा निघतो, त्यात हवा अशी नसतेच. देवदाराच्या मुळांना हवा लागते, तो उतारावरचा गडी आहे, पाणी पडलं की वाहून जाणार अशा जमिनीचा. पश्चिम हिमालयात तो साधारण दीड हजार ते तीन हजार मीटरवर होतो. आपलं इंदूर साडेपाचशे मीटरवर आणि मनाली दोन हजारांच्या वर, म्हणजे दीड हजार मीटरचा फरक, आणि दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंश उतरतं हे धरलं तर नऊ-दहा अंशांचा हिशोब. मे महिन्यातला आपला 42 तुम्हाला माहितीच आहे. तरी खरी गंमत मे महिन्यात नाहीये, खरी परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा रात्रीसुद्धा उकडतं आणि मुळाशी पाणी साचतं, तेव्हा ते आतून सडतं आणि वरून आपल्याला महिनाभर हिरवंच दिसत राहतं. सुयांच्या झाडांचा हाच घोळ आहे, मेलेलं झाड मेल्यासारखं दिसायला वेळ घेतं. माझं एक असंच गेलं, मी दसऱ्यापर्यंत त्याला खत घालत होते.

वेखंडाचं सगळं उलट. ते दलदलीतलं, ओढ्याच्या काठचं झाड, काळ्या मातीचा चिखल म्हणजे त्याला माहेर. त्याला भीती पाण्याची नाही, कोरडं पडण्याची आहे. आणि आपल्याकडे नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो, त्यामुळे एसीचं पाणी ही फुकटची सोय समजा, ते वाफेचं थंड होऊन झालेलं पाणी असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतातच. वॉशिंग मशीनचं पाणी मात्र तिकडे वळवू नका. आणि एसी बंद झाला की आठवणीने पाणी द्या, नोव्हेंबरात लोक विसरतात.

लावायचं कसं ते सांगते, कारण नर्सरीतला मुलगा फक्त "बच है दीदी" एवढंच सांगतो (हिंदीत त्याला बच किंवा घोडबच म्हणतात). बी नको, गड्डा आणा, बोटाएवढा जाड तुकडा, वर एक-दोन डोळे हवेत. तो आडवा ठेवायचा, आल्यासारखा, मातीत अर्धा बुडेल असा, डोळे वर. एकेक फुटावर. पानं तलवारीसारखी निघतील, कमरेपर्यंतही येतात, आणि ओळखायची खूण म्हणजे पानाची एक कड नीट आणि दुसरीकडे जराशी सुरकुत्या पडल्यासारखी लाट असते, आणि चुरगळलं की गोडसर उग्र वास, एकदा घेतला की विसरत नाही. हे पाहून घ्या कारण नर्सरीत आयरिस नावाचं फुलझाड वेखंड म्हणून खपवतात, पानं सारखीच दिसतात पण वास नाही. थंडीत पानं पिवळी पडून बसतात, ती मेली असं समजून उपटू नका, गड्डा खाली जिवंत असतो, रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) निघून ऊन चढलं की पुन्हा फुटतो. दुपारचं कडक ऊन मात्र सोसत नाही फार, भिंतीची सावली असली तर बरं. एक अट, चिखल असू दे पण वर उघडं पाणी साचू देऊ नका, डेंगूचे डास होतात आणि मग सगळी कॉलनी तुमच्या नावाने बोटं मोडेल. वर बारीक खडी पसरली तरी भागतं.

तर देवदाराचं काय? फेकू नका अजिबात. चौदा-पंधरा इंची मातीची कुंडी घ्या (प्लास्टिकची नको, मातीची श्वास घेते), तळाला खापरं, आणि मिश्रण निम्मं मुरूम-जाड वाळू आणि निम्मं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत, काळी माती एक चिमूटही नाही. मनालीची पिशवीतली माती धुऊन टाकायची नाही, ती मुळांना तशीच लागलेली राहू द्या, त्या मुळांवर एक बुरशी असते जिच्या मदतीने झाड अन्न-पाणी घेतं, ती आपल्या मातीत मिळेलच असं नाही. सकाळचं दहापर्यंतचं ऊन, एप्रिलपासून हिरवी नेट. पाणी बोट खुपसून दोन पेर कोरडं लागलं तरच. पावसाळ्यात छपराखाली. तीन-चार वर्षं सुंदर राहील, पुढचं पुढे. जमिनीत लावलं आणि समजा जगलं तरी, मूळ मुलखात हे झाड चाळीस-पन्नास मीटर जातं, बारा बाय पंधराच्या अंगणात ते काय करणार, शेजाऱ्यांशी भांडण.

मिस्टरांना तरी पटत नसेल तर एक करून दाखवा, त्यांच्याच हाताने. कोपऱ्यात दीड फूट खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, ते मुरलं की परत भरा आणि घड्याळ बघा. दोन-चार तासांत पाणी गेलं तर बोलू, दुसऱ्या दिवशीही त्यात तोंड दिसत असेल तर देवदाराचं तिथे काम नाही.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही वेखंडाबद्दल लिहिलं होतं. आमच्याकडे बाळाला वेखंड उगाळून चाटवतात. कुंडीतलं ताजं वापरलं तर चालेल का? नात दीड महिन्याची आहे. – एक आजी, देवास

उत्तर : आजी, मी बागेबद्दल सांगते, बाळाबद्दल डॉक्टरांना विचारा, पण माझं मत विचाराल तर ताजंही नको आणि वाळलेलंही नको, पोटात काहीच नको. आपल्याकडच्या वेखंडाच्या तेलात बीटा-ॲसरोन नावाचा घटक भरपूर असतो, उंदरांना तो खाऊ घातला तेव्हा गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेत 1968 पासून खाण्याच्या पदार्थांत वेखंडाला बंदी आहे. आपल्या आज्यांनी उगाळून दिलं, आपण वाढलो, हे मलाही माहिती आहे, मलाही चाटवलं होतं. पण दीड महिन्याच्या बाळावर प्रयोग कशाला? पूडही बाळाच्या नाकाजवळ उडू देऊ नका. कपाटात कपड्यांमध्ये ठेवा, कसर लागत नाही.

प्रश्न : देवदारासारखं कोनाच्या आकाराचं झाड हवंय, इंदूरला टिकणारं. – सुदामानगर

उत्तर : नर्सरीत जे "क्रिसमस ट्री" म्हणून मिळतं ते बहुतेक अरौकेरिया असतं, प्रशांत महासागरातल्या बेटांवरचं, त्याला गरमी चालते, पण पाणी साचलेलं त्यालाही नको आणि तेही जमिनीत तिमजली घराएवढं होतं, तेव्हा कुंडीतच. सुरू लावलात तर गाळाच्या, वालुकामय जमिनीत छान वाढतो, काळ्या मातीत रडतो. मोरपंखी सगळ्यात सोशिक, पण ती घराघरांत इतकी झालीय की मला तिचा कंटाळा आलाय, तुम्हाला आवडत असेल तर लावा.