दुसऱ्या प्रयत्नाचा शनिवार

दर शनिवारी सकाळच्या शाळेत मी पाचवी ते नववीच्या मुलांपुढे एक आव्हान ठेवते. सामान थोडं, वेळ पाऊण तास आणि शेवटी काहीतरी मोजायचंच. याबद्दल मी लिहिलेलं वाचून शिक्षकांनी, पालकांनी आणि काही मुलांनीही प्रश्न पाठवले. त्यातले काही इथे घेते.

आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. पाचवी ते सातवीची मिळून ३१ मुलं. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. ‘आनंददायी शनिवार’ या शालेय उपक्रमाच्या तासाला विज्ञानाचं काही करावं असं वाटतं, पण हाताशी पैसे नाहीत. सुरुवात कुठून करू?

एका कागदापासून करा. तीन-तीन मुलांचे गट पाडा आणि प्रत्येक गटाला झेरॉक्सचा एक ए-फोर कागद आणि वीतभर सेलोटेप द्या. पुस्तकांच्या दोन चळती २० सेंटिमीटर अंतरावर ठेवायच्या, त्यांच्यावर कागदाचा पूल टाकायचा आणि पुलावर जास्तीत जास्त गोट्या पेलायच्या. कागद दुमडा, फाडा, चिकटवा, पण दुसरा मिळणार नाही.

गोट्याच का, तेही सांगते. ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा, ए-फोर कागद बरोबर ५ ग्रॅमचा असतो. नेहमीची १६ मिलिमीटरची काचेची गोटीही साधारण तेवढीच, किंचित जड. म्हणजे जितक्या गोट्या, जवळपास तितके पट स्वतःचं वजन कागदाने उचललं. हे कळल्यावर मुलं गोट्या मोजताना श्वास रोखून धरतात.

एका वर्षी सहावीतल्या तीन मुलींनी कागदाला पंख्यासारख्या घड्या घातल्या. सपाट कागद आधी स्वतःच्याच भाराने मधून खाली गेला होता, त्यामुळे घड्यांचा पूल ताठ राहिलेला पाहून त्या हरखल्या. वर डबीचं झाकण ठेवून एकेक गोटी टाकू लागल्या. अकराव्या गोटीला पूल बसला. मी विचारलं, “मोडला की पसरला?” तिघींनाही सांगता येईना. मग त्यांनी घड्या पुन्हा नीट करून पूल परत लावला. या वेळी एक जण जमिनीवर पालथी पडून, डोळे पुलाच्या पातळीला आणून बघत राहिली. सातव्या-आठव्या गोटीलाच ती ओरडली, “बाई, हा मोडत नाहीये, बाजूला सरकतोय!” कागद कुठेच फाटत नव्हता. घड्या उघडत होत्या आणि पंखा सपाट होत चालला होता. मग त्यांनी कागदाच्या कडेची दोन बोटं रुंद पट्टी फाडली आणि घड्यांच्या खालून आडवी चिकटवली. घड्यांना पसरायला वावच उरला नाही. आमच्याकडच्या चाळीस गोट्या संपल्या, पूल उभाच होता.

म्हणून वेळेची वाटणी आधीच ठरवा. १५ मिनिटं पहिला प्रयत्न, ५ मिनिटं नुसतं बघणं आणि बोलणं, मग पुन्हा १५ मिनिटं. पहिल्या प्रयत्नालाच घंटा झाली तर मुलांच्या पदरात फक्त हार-जीत पडते. वेळ कमी असेल तर आव्हान छोटं करा, पण दुसऱ्या प्रयत्नाला कात्री लावू नका.

पुढच्या शनिवारी घटिकापात्र घ्या. पूर्वी लग्नाचा मुहूर्त साधायला पाण्यात भोकाचं पात्र सोडत. ते भरून बुडालं की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटं झाली. मुलांनी प्लास्टिकच्या वाटीचं असं पात्र करायचं की ते बरोबर दोन मिनिटांत बुडेल. भोक तुम्ही तापलेल्या सुईने पाडून द्या. भोकाचा व्यास दुप्पट केला की पाणी साधारण चौपट वेगाने आत येतं, हे मुलांना गणिताच्या तासाआधीच कळतं.

तिसऱ्या शनिवारी गुल काढलेल्या आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घ्या. काड्या जोडून चौकोन केला तर बोटाने ढकलताच तो तिरका होतो, त्रिकोण मात्र हलत नाही. त्रिकोण वापरून सर्वांत उंच मनोरा कोणाचा होतो ते बघा. हा काड्यांचा खेळ अरविंद गुप्ता यांनी घराघरांत पोचवला. पुण्यात ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी केली. ती कशी करायची ते मराठीतही मोफत पाहायला मिळतं. शाळेत इंटरनेट चालत असेल तर तुमचं वर्षभराचं सामान तिथेच आहे.

मुलगा सातवीत आहे. आव्हान मिळालं की तो आधी यूट्यूब उघडतो आणि दिसेल तसं करतो. उरलेलं मी आणि त्याचे बाबा करतो, कारण रविवारी रात्री रडारड नको असते. हे थांबवायचं कसं?

व्हिडिओ बंद करू नका. बघून करणं हेही शिकणंच आहे, आपण पोळ्या तशाच शिकलो. फक्त प्रश्न असा बदला की उत्तर व्हिडिओत सापडणार नाही. फुग्याच्या हवेवर पळणारी गाडी तुम्ही पाहिली असेल. तिथे गाडी लांब गेली की सगळे खूश. तुम्ही सांगा, गाडी दोन मीटरवर आखलेल्या रेषेवर थांबली पाहिजे, अलीकडेही नाही आणि पलीकडेही नाही. तुमच्या फरशीवर दोन मीटरवर थांबणारी गाडी कोणी करून दाखवलेली नाही. ती त्यालाच शोधावी लागेल.

मग तो फुगा किती फुगवायचा याचा विचार करू लागेल. फुग्याभोवती दोरा गुंडाळून घेर मोजायला सांगा. घेर आणि अंतर वहीत शेजारी-शेजारी लिहिले की पाच-सहा नोंदींत आलेख तयार होतो. एक खाचखळगा सांगून ठेवते. नवा फुगा पहिल्या काही वेळा घट्ट असतो आणि मग सैल पडत जातो, त्यामुळे सुरुवातीचे आकडे जुळत नाहीत. तीन-चार वेळा फुगवून सोडल्यावरच मोजायला घ्या. किंवा हे त्याला सांगू नका, आकडे का जुळत नाहीत ते त्याचं त्यालाच सापडू द्या. मी दुसरं करेन.

तुमचं काम टेप धरण्याचं. आणि तीन प्रश्न विचारायचे: काय होईल असं वाटतं? काय झालं? आता एकच गोष्ट बदलायची तर कोणती? ‘एकच’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण मुलं चिडली की चाकं, फुगा, पुठ्ठा सगळं एकदम बदलतात आणि मग फरक कशाने पडला ते कळत नाही.

रविवारी रात्री गाडी अपुरी असेल तर अपुरीच जाऊ द्या. ‘गाडी डावीकडे वळते, मागचं चाक वाकडं बसलंय’ असं त्याच्या अक्षरातलं एक वाक्य मला तुम्ही करून दिलेल्या चकचकीत गाडीपेक्षा खूप काही सांगतं. त्यावर मला त्याच्याशी पुढे बोलता येतं.

मी नववीत आहे. अंडं न फुटता खाली सोडायचं आव्हान होतं. माझं तिन्ही शनिवारी फुटलं. मैत्रिणी हसतात. मी पुढच्या वेळी दुसरं काही घेऊ का?

अगं, नको सोडूस. तीनदा फुटलं म्हणजे तुझ्याकडे तीन नोंदी आहेत, आणि ज्यांचं पहिल्यांदाच वाचलं त्यांना ते का वाचलं हे माहीतही नसेल.

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून सोडलंस असं धरू, म्हणजे साधारण ६ मीटर. जमिनीशी येताना अंड्याचा वेग सेकंदाला जवळजवळ ११ मीटर होतो, ताशी ३९ किलोमीटर. रस्त्यावरच्या स्कूटरइतका. आता तुझं आवरण दबत-दबत अंडं १ सेंटिमीटरमध्ये थांबवत असेल तर अंड्यावर त्याच्या वजनाच्या सुमारे ६०० पट जोर येतो. तेच १० सेंटिमीटरमध्ये थांबवलंस तर ६० पट. हे आकडे तू स्वतः काढू शकतेस: पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर. म्हणजे खरा प्रश्न ‘किती कापूस भरला’ हा नाही, तर ‘अंड्याला थांबायला किती जागा दिली’ हा आहे. कापूस ठासून भरला की तो दबतच नाही, आणि बहुतेकांचं अंडं तिथेच फुटतं.

फुटलेलं अंडं टाकून देण्याआधी बघ. कुठल्या बाजूने फुटलंय? टोकाला की पोटाला? डबा कुठल्या कोपऱ्यावर चेपलाय? अंडं आधी घट्ट पिशवीत बांधलंस तर फुटलं तरी आमलेट होतं, वाया जात नाही. आणि घरी अंडं चालत नसेल तर भाजलेला पापड घे. पापड अंड्याहून नाजूक असतो, तो वाचवलास तर मला जरूर कळव.

सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा विक्रम लँडर चंद्रावर आदळला. इस्रोच्या लोकांनी तेव्हा दुसरं काही घेतलं नाही. काय-काय चुकू शकतं याची यादी करून त्यांनी नवा लँडर त्या यादीवर बेतला. पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, उतरण्याची जागा अनेक पटींनी मोठी धरली. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं. तुझी यादी या शनिवारी कर.

वर्गात ६० मुलं आहेत. गट केले की दोघं काम करतात, बाकीचे बघतात. शिवाय मुली लिहायला आणि सजवायला, कात्री मुलांच्या हातात. आणि नंबर काढले नाहीत तर मुलं मनापासून करत नाहीत. काय करू?

गट तिघांचाच ठेवा, वीस गट झाले तरी चालतील. सहाच्या गटात तिघं बसूनच राहतात. प्रत्येकाला काम नेमून द्या: एक जोडणार, एक मोजणार, एक लिहिणार. ही कामं दर आठवड्याला फिरलीच पाहिजेत. फळ्याच्या कोपऱ्यात तक्ता लावा आणि त्यात बदल करू देऊ नका. कात्रीचा प्रश्न मुलींच्या आवडीचा नाही, सवयीचा आहे. घरात ज्यांच्या हाती स्क्रू ड्रायव्हर कधी दिलाच नाही त्या मुली वर्गात तो आपणहून उचलणार नाहीत. माझ्याकडे ‘मला नाही जमणार’ म्हणणाऱ्या मुली तिसऱ्या फेरीपर्यंत मुलांच्या हातातून हत्यार काढून घ्यायला लागतात, आणि तो क्षण पाहायला मला फार आवडतं.

नंबर काढू नका. काढायचाच तर पहिल्या आणि दुसऱ्या प्रयत्नातल्या फरकाचा काढा. ज्याचा पूल ४ गोट्यांवरून २० वर गेला त्याला टाळ्या, जरी शेजारच्या गटाने पहिल्याच फटक्यात ३० पेलल्या असल्या तरी. दोन शनिवारांत मुलांचं लक्ष शेजारच्या बाकावरून स्वतःच्या पुलाकडे येतं.

विजेचे प्रयोग घरी करू द्यावेत का?

टॉर्चच्या दीड व्होल्टच्या सेलवर खुशाल. भिंतीतल्या प्लगला हात लावायचा नाही, मोठं माणूस शेजारी असलं तरी नाही, कारण तिथे २३० व्होल्ट असतात. जुन्या मोबाइलची बॅटरी उघडायची किंवा टोचायची नाही, ती पेट घेते. घरात लहान भावंड असेल तर घड्याळाचे बटणासारखे सेल आणूच नका, गिळले गेले तर अन्ननलिका भाजते. इंजेक्शनच्या नळ्या लागल्या तर औषधाच्या दुकानातून नव्या, सुईशिवाय. दवाखान्यातून उचललेल्या कधीच नाहीत.

होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेसाठी याचा उपयोग होतो का?

होतो. सहावी आणि नववीच्या मुलांसाठीच्या या परीक्षेत लेखी फेरीनंतर प्रात्यक्षिक, पुढे कृतिसंशोधन प्रकल्प आणि मुलाखत असते. दोन वर्षं दर आठवड्याला मोजून वहीत लिहिलेल्या मुलाला तिथे नवीन काही वाटत नाही. पण निवड झाली नाही म्हणून शनिवार बंद करणारे पालक मी पाहिलेत, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

पावसाळ्यात मैदान बंद, वर्गात अंधार. चार महिने कुठलं आव्हान द्यावं?

पाऊसच मोजायला द्या. सरळ भिंतीच्या प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापायचा आणि उलटा करून नरसाळ्यासारखा तोंडात बसवायचा. बाटलीचा तळ खोलगट-उंचवट असतो, म्हणून तळाशी खडे टाकून ते बुडतील इतकं पाणी ओतायचं आणि त्या पातळीला शून्य मानून पट्टी चिकटवायची. बाटली उघड्यावर ठेवायची, झाडाखाली नाही आणि पागोळ्यांखालीही नाही. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी. शाळेच्या छपराची लांबी-रुंदी मुलांना मोजायला लावा. १०० चौरस मीटरचं छप्पर असेल तर २० मिलिमीटरच्या एका सरीत २,००० लिटर पाणी वाहून गेलं, हे त्यांनी स्वतः काढलं की छपराकडे बघण्याची त्यांची नजर बदलते.

पहिल्या आठवड्यात दोन बाटल्या आवारात वीस पावलांच्या अंतराने ठेवा. आकडे वेगळे येतील. का आले हे शोधून बाटल्यांच्या जागा बदलणं हा दुसऱ्या आठवड्याचा प्रयत्न. नोंद रोज सकाळी साडेआठला घ्या. हवामान खात्याचा पावसाचा दिवसही त्याच वेळी संपतो, त्यामुळे तुमच्या शाळेचा आकडा जवळच्या केंद्राच्या आकड्याशेजारी लिहिता येईल.