वाचक विचारतात, आम्ही सांगतो : ड्रायव्हरमधला इनम

प्रश्न : नमस्कार दादा. मी दारव्ह्याजवळच्या गावात राहतो, घरूनच काम करून राहिलो. एका छोट्या कंपनीच्या टेस्ट बेंचसाठी मल्टिमीटरचा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरवरून मीटर चालवायचा प्रोग्राम, सी मधे लिहिला, वरून लॅबव्ह्यूवाले (चित्रं जोडून प्रोग्राम करायचं सॉफ्टवेअर) अन् पायथनवाले दोघंही तोच वापरतात. फंक्शन निवडायला इनम, म्हणजे नावाले नंबर देणारी यादी, केला होता, डीसी व्होल्ट, एसी व्होल्ट, रेझिस्टन्स, फ्रिक्वेन्सी असा. मागच्या महिन्यात एसी व्होल्टच्या खाली डीसी करंट टाकला, काऊन का वाचायला तेच बरं दिसते. आता जुन्या सेटिंगच्या फायली उघडल्या का रेझिस्टन्सच्या जागी मीटर करंटवर जाते. नंबर द्यायचे तरी कसे जी? मीटरच्या मॅन्युअलमधे तर नंबर नाहीतच, नुसते शब्द आहेत.

उत्तर : भाऊ, झालं असं का तुमी नंबर लिहिले नाही म्हणून कंपायलरनं (कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणाऱ्यानं) स्वतःच ० पासून वाटले. रेझिस्टन्स होता २, मधे करंट घुसला तर तो झाला २ अन् रेझिस्टन्स सरकला ३ वर. पण जुन्या फायलीत तर नुसता २ च लिहिला हाय ना, तिले काय माहीत तुमी मधे काय टाकलं. कापूस खरेदीच्या सेंटरवर टोकन वाटून झाल्यावर एक गाडी मधेच घुसवली अन् मागच्या सगळ्यांचे नंबर गुपचूप बदलले तर जे होईल तेच. अन् वाईट हे का एररही येत नाही, लीड व्होल्टच्या सॉकेटमधे असते म्हणून करंट शून्याच्या आसपास दिसते, बेंचवरच्या पोराले वाटते पार्टच खराब हाय.

आधी आग विझवा. जुने ०, १, २, ३ जसेच्या तसे परत आणा, प्रत्येकाच्या पुढे नंबर हातानं लिहा, डीसी करंटले ४ द्या. वाचायला सुंदर दिसावं म्हणून क्रम लावायचा असेल तर खुशाल लावा, नंबर लिहिलेला असला का ओळ वर हाय का खाली यानं काही फरक पडत नाही. या महिन्यात नवीन नंबरानं सेव्ह झालेल्या फायली मात्र वेगळ्या काढून एकदाच बदलाव्या लागतील, त्याले इलाज नाही. अन् इथून पुढे फायलीत नंबरासोबत नाव पण लिहा, वर एक व्हर्जन पण टाका. एखादं फंक्शन काढून टाकलं तरी त्याचा नंबर दुसऱ्याले देऊ नका, मोकळा पडू द्या. काही जण इनमच्या शेवटी 'एकूण' नावाचा मेंबर ठेवतात, तो बाहेरच्या हेडरमधे (दुसऱ्याले वापरायला देता त्या फायलीत) नको, कारण एक नवीन आला का तो सरकतो अन् कोणी ना कोणी त्यावर आपल्या ॲरेची, म्हणजे यादीची, लांबी बांधून बसलेला असतो.

पुढच्या ड्रायव्हरले मात्र ० पासून सुरू करू नका असं माझं मत हाय. स्ट्रक्चर (सेटिंगचा गठ्ठा) मेमसेटनं साफ केलं का सगळं ० होते, मग कोणी फंक्शन निवडलंच नाही तरी डीसी व्होल्ट निवडल्यासारखं दिसते. आयव्हीआय म्हणजे अशा ड्रायव्हरचं सगळ्यांसाठी ठरलेलं स्टँडर्ड, त्याच्या डीएमएम (डिजिटल मल्टिमीटर) क्लासमधे डीसी व्होल्ट १, एसी व्होल्ट २, डीसी करंट ३, एसी करंट ४, टू वायर रेझिस्टन्स ५ असे नंबर ठरलेले आहेत, फोर वायर अन् फ्रिक्वेन्सी शंभराच्या वर. तेच उचला, उद्या मीटर बदललं तरी वरचा कोड तोच राहते. फक्त लॅबव्ह्यूवाल्याले आधी सांगून ठेवा, त्याच्या इनममधे नंबर ० पासून सलगच लागतात, मधे खड्डा चालत नाही. म्हणून त्याले रिंग (नावाले कोणताही नंबर देता येणारी यादी) वापरावी लागते, पण रिंगमधे केस स्ट्रक्चरवर (निवडीप्रमाणे वेगळा कोड चालवायच्या चौकटीवर) नाव दिसत नाही, नुसता आकडा दिसते. मले विचाराल तर लॅबव्ह्यूच्या बाजूनं सलग इनम टाइप डेफ (एकाच जागची व्याख्या, सगळीकडे तीच) करून ठेवायचा अन् एकाच छोट्या व्हीआयमधे (लॅबव्ह्यूच्या प्रोग्राममधे) त्याचं तुमच्या नंबरात रूपांतर करायचं. टाइप डेफ विसरू नका, नाहीतर पन्नास व्हीआयमधे पन्नास कॉप्या होतात अन् एक बदलली तर बाकीच्याले पत्ताच नसते.

अजून एक, डीएलएलच्या (बाहेरचे प्रोग्राम ज्यातून तुमचा ड्रायव्हर बोलावतात त्या फायलीच्या) फंक्शनमधे पॅरामीटर इनम टाइपचा घेऊ नका, सरळ ३२ बिटचा इंटिजर घ्या अन् आत तपासा. सी मधे इनम किती बाइटचा ते कंपायलरच्या मर्जीवर असते, काही एआरएम कंपायलर तर एका बाइटात बसवून मोकळे होतात, अन् लॅबव्ह्यूचा इनम साधारण १६ बिटचा येते. तिघांची तीन मापं.

राहिले मॅन्युअलमधले शब्द. ते इनमचा भाग नाहीतच, मीटरसोबत बोलायची भाषा हाय ती, एससीपीआय, १९९० पासून चालू. एकच टेबल करा, एका बाजूले तुमचा नंबर, दुसऱ्या बाजूले मीटरले पाठवायचा शब्द. पाठवताना लांब रूप पाठवा का छोटं, मीटरले दोन्ही समजतात, पण परत विचारलं का उत्तर छोट्या रूपातच येते, तिथं बरेच जण लांब शब्दासोबत तुलना करून फसतात. टेबलात नसलेला नंबर आला तर मीटरपर्यंत जाऊच देऊ नका, नाहीतर तिकडून वजा २२४ ची, म्हणजे पॅरामीटर चुकल्याची एरर येईल अन् तीही तुमी एररची रांग वाचली तरच कळेल. अन् स्विच (नंबराप्रमाणे वेगळा कोड चालवायची रचना) लिहिलाच तर आलेला इंटिजर आत इनम टाइपमधे बदलून त्यावर लिहा अन् त्यात डीफॉल्ट टाकू नका, अनोळखी नंबरचं स्विचच्या बाहेर खाली पहा. मग नवीन मेंबर टाकून केस विसरले तर जीसीसी (सी चा एक कंपायलर) वॉर्निंग चालू असताना स्वतःच ओरडते.

रेंजचा इनम करू नका बरं. रेंज साधा दशांश नंबर घ्या, ५ मागितलं तर मीटर त्याची वरची १० ची रेंज निवडते, अन् दुसऱ्या मॉडेलच्या रेंजा वेगळ्याच असतात.

प्रश्न : मी हिंगणघाटचा, पायथनमधे पॉवर सप्लायचा ड्रायव्हर करतो. इव्हेंट स्टेटसचा, म्हणजे मशीनमधे काय झालं ते सांगणाऱ्या नंबराचा, इंटइनम (पायथनचा इनम) बनवला, पण सकाळी लाइन येऊन गेली का १६० असा नंबर येते अन् व्हॅल्यूएरर देऊन प्रोग्राम बंद पडते. मॅन्युअलमधे १६० कुठंच नाही.

उत्तर : राहणारच नाही, कारण तो एक नंबर नाहीच, १२८ अन् ३२ ची बेरीज हाय. आयईईई ४८८.२ या स्टँडर्डमधे त्या रजिस्टरचा (स्टेटस साठवायच्या जागेचा) प्रत्येक बिट वेगळी गोष्ट सांगते, १२८ म्हणजे मशीन नुकतंच चालू झालं, ३२ म्हणजे कमांड समजली नाही, १६ म्हणजे कमांड समजली पण करता आली नाही. एकाच वेळी दोन-तीन खऱ्या असू शकतात म्हणून इथं इनम चालतच नाही, इंटफ्लॅग (बेरजेतले बिट वेगवेगळे ओळखणारा प्रकार) घ्या, पायथन ३.६ पासून आहे. ट्रिगर सोर्स, फंक्शन असं जिथं एका वेळी एकच निवडता येते तिथं इंटइनम ठीक.

अन् तुमच्याकडे लाइट जाते येते म्हणता तर तो १२८ फायद्याचाच हाय. तो दिसला का समजायचं सप्लाय मधे बंद पडून परत चालू झाला, व्होल्टेज अन् करंट लिमिट परत पाठवून घ्यायचे, मग आउटपुट चालू करायचं. फक्त हे रजिस्टर एकदा वाचलं का साफ होते, म्हणून एकाच जागी वाचा अन् आलेला नंबर लॉगमधे टाका, दोन थ्रेडनं (प्रोग्रामच्या सोबत चालणाऱ्या दोन भागांनी) वाचलं तर एकाले १२८ भेटते अन् दुसऱ्याले ०.