प्रकल्प चौघांचा, राबतो एकटाच

प्रश्न : कॉलेजात असताना आम्ही चौघांनी मराठी-कन्नड शब्दकोशाचं मुक्तस्रोत ॲप सुरू केलं. तिघं नोकरीसाठी पुण्या-बंगळुरूला गेले. गिटहबवर (कोड ठेवायची ऑनलाइन जागा) इश्यू (चुका-सूचनांच्या नोंदी) साचलेत, नवे लोक एखादी पुल रिक्वेस्ट (कोडमध्ये सुचवलेला बदल) टाकून गायब होतात. मीही थकलोय. बंद करू का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : आधी पसारा आवरा, मग ठरवा. सहा महिने ज्यावर कुणी बोललेलं नाही ते इश्यू 'सध्या करणार नाही' असं लिहून बंद करा. पुल रिक्वेस्ट तपासण्याचा वार ठरवून तो रीडमीमध्ये (प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलीत) टाका. पहिल्यांदाच पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्याला मात्र दोन दिवसांत 'पाहिली, रविवारी तपासतो' एवढं तरी कळवा. उशीर लोक चालवून घेतात, शुकशुकाट नाही.

नवख्यांसाठीचा इश्यू बहुतेक ठिकाणी 'शोध नीट चालत नाही' असा एका ओळीत उरकलेला असतो. त्यावरून कुणी काय करायचं? असा लिहा : 'दऱ्या' शोधलं की नोंद सापडत नाही. 'ऱ्य' दोन तऱ्हांनी साठवला जातो : ऱ, हलन्त, य; किंवा साधा र, हलन्त, झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह), य. दिसतात सारखे, पण संगणकाला वेगळे. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी साठवण एकसारखी करणं) हा फरक मिटवत नाही. म्हणून शोधाआधी दुसरं रूप पहिल्यात बदला. पुढे फाइल आणि फंक्शनचं नाव, आणि चाचणीला तीन शब्द. हे एका संध्याकाळचं काम आहे, आणि ते जमलं की माणूस दुसरं मागतो.

शब्दकोशाला प्रोग्रामरपेक्षा शब्द जाणणारी माणसं जास्त लागतात. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम केलेल्याला गिट (कोडमधले बदल नोंदवायचं साधन) शिकवत बसू नका. मराठी, कन्नड, वापराचं वाक्य, गाव अशा चार रकान्यांची शीट द्या. छापील कोशातून उतरवून मात्र घेऊ नका. लेखकाच्या निधनानंतरही ६० वर्षं कॉपीराइट असतो.

आता किल्ल्या. गिटहबच्या खात्याला आणि डोमेनला किमान दोन मालक हवेत. एपीके (अँड्रॉइड ॲपची फाइल) तुम्ही स्वतः वाटत असाल आणि तिच्यावर डिजिटल सही करायची किल्ली हरवली, तर जुन्या ॲपवर नवी आवृत्ती चढतच नाही. त्या किल्लीची कुलूपबंद प्रत दोन ठिकाणी ठेवा. पण थकलात म्हणून मागेल त्याला हक्क देऊन मोकळे होऊ नका. एक्सझेड या फाइली आकसवणाऱ्या मुक्तस्रोत साधनाच्या थकलेल्या मेंटेनरवर (प्रकल्प सांभाळणाऱ्यावर) हक्क वाटून द्यावेत म्हणून अनोळखी खात्यांनी दबाव आणला, दोनेक वर्षं मदत करून विश्वास कमावलेल्या सहकाऱ्यानेच त्यात चोरदार (बॅकडोअर) घुसवलं. एसएसएच (दूरच्या संगणकात शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे एकाला खटकलं, म्हणून २०२४ मध्ये ते उघडकीस आलं. तेव्हा रिलीज करणारा आणि तपासणारा वेगवेगळेच ठेवा, ओळख कितीही जुनी असो.

प्रश्न : आमच्या नकाशा प्रकल्पात 'बेळगाव' की 'बेळगावी' यावरून काम अडलंय. – एक वाचक, चिकोडी

उत्तर : रकाना एकच ठेवलात, म्हणून भांडण. ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशासारखे भाषावार रकाने करा : मराठीत बेळगाव, कन्नडमध्ये बेळगावी. २०१४ चं अधिकृत नामांतर वेगळ्या रकान्यात नोंदवा. पुढचा वाद येण्याआधी नियम लिहून ठेवा : सात दिवस चर्चा, मग मेंटेनरांचं मतदान, आणि मेंटेनरांची संख्या विषम. पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा जनक २०१८ मध्ये एका बदलावरच्या वादाला कंटाळून बाजूला झाला, तेव्हा तिथेही पाच जणांचं मंडळ निवडावं लागलं.