उरलेल्या ४४ गोळ्या

"डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलंय. म्हणजे आता काही उरलं नाही ना? आणि ही गोळी एकदा लागली की सुटत नाही म्हणतात. थोडं दुखलं तर सोसतील, पण सवय नको." पसरलेल्या कॅन्सरच्या रुग्णाला घरी सांभाळणारी जवळजवळ सगळीच माणसं या काळजीतून जातात. तोंडाने विचारणारे थोडे. बाकीच्यांचा प्रश्न औषधांची पिशवी उपडी केली की कळतो.

इथे सांगितलेलं घर एकच एक नाही. तीन-चार घरांतले तपशील एकत्र केले आहेत, म्हणजे कुणाची ओळख उघडी पडायला नको.

रुग्ण ५८ वर्षांचे, वेल्डिंगचं काम करणारे. तंबाखू-चुन्याची जुनी सवय. डाव्या गालाच्या आत कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, ३० लाइट (रेडिएशन) झाल्या, आणि वर्षाच्या आत मानेत गाठ येऊन आजार उलटला. आता मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा आणि सेलेकॉक्सिब रोज दोन वेळा, अशी गोळ्यांची किमो चालू होती. तोंडाच्या कॅन्सरसाठी मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने अभ्यासलेली ही स्वस्त पद्धत आहे. तोंड एक बोट जाईल एवढंच उघडायचं, म्हणून नाकातून नळी. बोललेलं कळत नव्हतं, म्हणून नातवाची पाटी कायम मांडीवर.

दुखण्यासाठी मॉर्फिनची १० मिलिग्रॅमची साधी गोळी दिली होती. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ या वेळांना एकेक, आणि रात्री १० वाजता दोन. रात्रीच्या दोन अशासाठी, की २ वाजता कुणाला उठावं लागू नये. दिवसाला ६, दहा दिवसांना ६०. मधेच कळ उठली तर वापरायला आणखी १०. एकूण ७०.

अकराव्या दिवशी रुग्ण (त्यांना काका म्हणू), त्यांची बायको म्हणजे काकू आणि मुलगा आमच्याकडे आले. पिशवीत चार पट्ट्या अख्ख्या आणि पाचवीत चार गोळ्या. ४४ उरल्या होत्या. म्हणजे दहा दिवसांत २६ गेल्या.

अशा वेळी "का दिल्या नाहीत?" हा प्रश्न विचारला की संभाषण तिथेच संपतं. समोरचा माणूस आरोपी होतो आणि "देतो की वेळेवर" असं म्हणून मोकळा होतो. त्याऐवजी "ताई, कालचा दिवस सांगा, पहाटेपासून" असं विचारलं.

कालचा दिवस असा होता. पहाटे ६ ला डोळा लागला होता, उठवलं नाही. १० ला त्यांनी गाल दाबून धरला तेव्हा एक दिली. २ ला पडून होते, कण्हत नव्हते, म्हणजे गरज नसणार. संध्याकाळी फार व्हायला लागलं, पण मुलगा येईपर्यंत थांबू म्हटलं. मुलाने येताना मेडिकलमधून 'साधी' दुखायची गोळी आणली, डायक्लोफेनॅकची. रात्री १० ला मॉर्फिन एकच, कारण दोन म्हणजे जास्त होतील. ३ वाजता काका उठून खोलीत येरझाऱ्या घालत होते.

यातली प्रत्येक गोष्ट मायेपोटी केलेली होती आणि प्रत्येक गोष्टीने दुखणं वाढवलं होतं. ही गोळी लागू पडायला साधारण अर्धा तास लागतो आणि तिचा जोर चारेक तास टिकतो. दुखणं डोक्यावर बसल्यावर दिली तर तेवढीच गोळी अपुरी पडते. दूध वर यायला लागताच गॅस बारीक करायचा असतो. उतू गेल्यावर बंद केला तरी ओटा पुसावाच लागतो. आणि कण्हत नाही म्हणजे दुखत नाही, असं नसतं. महिनोन्‌महिने दुखणारा माणूस कण्हत नाही. तो गप्प होतो आणि भिंतीकडे तोंड करून पडतो.

सगळ्यात जास्त खटकली ती 'साधी' गोळी. सेलेकॉक्सिब हे मुळात त्याच जातीचं औषध, त्यावर डायक्लोफेनॅक म्हणजे किडनीवर दुहेरी भार. किडनी मंदावली की मेथोट्रेक्सेट अंगात साचतं, तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी घटतात. मॉर्फिनचे अंशही त्याच वाटेने बाहेर पडायचे असतात, तेही साचतात. म्हणजे ज्या गोळीची भीती नव्हती ती धोक्याची होती, आणि भीती होती ती कपाटात होती. मुलाला एवढंच सांगितलं की दुकानातून स्वतःहून काहीही आणू नका, आणि त्याच दिवशी रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम, तपासून घेतलं. ते ठीक निघालं.

मेथोट्रेक्सेटचा विषय निघालाच आहे तर एक सांगून ठेवतो: ही गोळी आठवड्यातून एकाच वारी घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर जीव जाऊ शकतो. घरात तो वार ठरवावा, भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहावा आणि ही पट्टी रोजच्या औषधांच्या डब्यात ठेवूच नये.

मॉर्फिन कमी दिलं जाण्याचं दुसरं कारण पोटात होतं. सहा दिवस शौचाला झालं नव्हतं. घरच्यांचं अनुमान होतं, "ह्यांना ती गोळी मानवत नाही." वास्तविक मॉर्फिन घेणाऱ्या बहुतेकांना बद्धकोष्ठ होतंच. मळमळ आठवड्याभरात ओसरते, झोपाळूपणा दोन-तीन दिवसांत जातो, पण बद्धकोष्ठ आपोआप जात नाही. म्हणून पहिल्या गोळीबरोबरच पोट साफ व्हायचं औषध सुरू असावं लागतं. इथे ते लिहिलेलं होतं, पण "आधीच इतकी औषधं" म्हणून गाळलं गेलं. वर काकूंनी शेजारणीच्या सांगण्यावरून इसबगोल नळीतून घातला. तो नळीतच फुगला, नळी बंद पडली आणि बदलायला ४० किलोमीटर जावं लागलं. इसबगोलाला भरपूर पाणी आणि हलतं आतडं लागतं. मॉर्फिनवर असलेल्या, कमी पाणी पोटात जाणाऱ्या माणसात तो आत गोळा होऊन बसतो. पोट साफ व्हायची बिसाकोडिलची गोळीही चुरडून नळीतून देता येत नाही, तिचं आवरण पोटात विरघळू नये म्हणूनच असतं. नळी असलेल्याला लॅक्टुलोज किंवा सोडियम पिकोसल्फेटसारखं पातळ औषध डॉक्टर बदलून देतात. तसं ते दिलं. तीन दिवस शौचाला झालं नाही तर वाट न बघता फोन करायचा, हेही ठरलं.

एवढं समजावून घरी पाठवलं असतं तर पुढच्या वेळी ४४ च्या ३० झाल्या असत्या, एवढंच. वेळापत्रक काकूंना आधीही पाठ होतं. हात अडत होता तो वेगळ्याच गोष्टीने.

मुलगा आणि काका बाहेर बसले असताना काकूंना विचारलं, "ताई, मॉर्फिन हे नाव याआधी कधी ऐकलं होतं?"

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. त्यांच्या भावाला दवाखान्यात रात्री अकरा वाजता 'ते' इंजेक्शन दिलं होतं. पहाटे तो गेला.

इथे "तसं काही नसतं हो" म्हणायचा मोह होतो. त्याने काही साधत नाही, कारण त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलंय. विचारलं, "इंजेक्शनच्या आधीचे दोन दिवस भाऊ कसा होता?" घशात घरघर चालू होती. हाक मारली तरी बघत नव्हता. पाय गार पडले होते. सांगता सांगता काकू मधेच थांबल्या. "म्हणजे तो आधीच…" वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, आणि आम्हीही केलं नाही.

मग सांगता आलं, की मॉर्फिन मरणाच्या तारखेवर ठरत नाही, दुखण्याच्या जोरावर ठरतं. किमो चालू असताना घेता येतं, कित्येक जण महिनोन्‌महिने घेतात. नीट मोजून वाढवलेल्या डोसाने आयुष्य कमी होत नाही. आणि सवयीचं म्हणाल तर दोन गोष्टींची गल्लत होते. शरीराला औषधाची ओळख होते, म्हणून ते एकदम तोडायचं नसतं. दुखणं कमी झालं तर डॉक्टर हळूहळू उतरवतात. व्यसन म्हणजे नशेसाठी मागणं, लपवून घेणं, त्रास होतोय दिसत असूनही न थांबणं. दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णात ते क्वचित दिसतं. डोस वाढवावा लागला तर बहुधा आजार वाढलेला असतो.

मुलाची भीती निराळी होती, आणि जरा शरमेने सांगितलेली. "अफूचीच ना ही? मोटारसायकलवरून नेताना कुणी पकडलं तर?" १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याखाली हे औषध येतं, हे खरं. परवान्यांचा गुंता इतका होता की हॉस्पिटलं मॉर्फिन ठेवायलाच कचरायची. २०१४ च्या दुरुस्तीने तो सोडवला आणि मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं-देणं सोपं केलं. गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळत नाही ते यामुळे. रुग्णाच्या नावाची चिठ्ठी बरोबर असली की घाबरायचं कारण नाही. चिठ्ठीची झेरॉक्स पाकिटात ठेवा, गोळ्या कुलपात ठेवा (घरात पाच वर्षांचा नातू आहे), रिकाम्या पट्ट्या परत आणा आणि उरलेल्या गोळ्या कुणालाही न देता आमच्याकडे जमा करा.

शेवटी काका. त्यांना विचारलं, "रुपयात किती आणे दुखतंय?" दहापैकी किती, या प्रश्नावर जुनी माणसं गोंधळतात, आण्यांवर नाही. त्यांनी पाटीवर लिहिलं, १४. मुलगा चमकला. घरी विचारलं की ते नेहमी हाताने 'थोडं' अशी खूण करायचे. काकांनी १४ पुसलं आणि लिहिलं, "पोरगा रात्री झोपत नाही." मग मुलापासून पाटी कलती करून, त्याला दिसणार नाही अशी, "आजार परत आलाय ते माहीत आहे. हिला सांगू नका." अर्ध्या तासापूर्वी काकूंनी नेमकं हेच मागितलं होतं, की ह्यांना कळू देऊ नका. त्या दिवशी दोघांना समोरासमोर बसवलं नाही. फक्त दोघांनाही वेगवेगळं विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, त्यांना काय माहीत असेल?" ही गाठ घाईने सोडवायची नसते. ती पुढे घरीच सुटली, आमच्या गैरहजेरीत, आणि तेच बरं झालं.

घरी न्यायला एक कागद तयार केला. पाच वेळा, समोर रोजची चौकट, गोळी दिली की फुली. मुलाच्या फोनमध्ये नाही, काकूंच्या फोनमध्ये पाच गजर, कारण दिवसा घरात त्या असतात. झोपले असले तरी उठवून द्यायची. गोळी दोन चमच्यांमध्ये दाबून बारीक पूड करायची, १०-१५ मिली पाण्यात कालवायची. काकांना टेकून बसवायचं, नळीत आधी २०-३० मिली साधं पाणी, मग औषध, मग पुन्हा तेवढंच पाणी. पेजेत किंवा दुधात मिसळायची नाही. पेज अर्धी राहिली तर डोसही अर्धाच जातो. आणि ही साधी गोळी आहे म्हणून चुरडता येते. पुढेमागे बारा तासांची लांब चालणारी गोळी मिळाली तर ती चुरडायची नाही, नाहीतर बारा तासांचं औषध एकदम अंगात उतरेल. मधेच कळ उठली तर जादाची एक द्यायची, कागदाच्या मागे वेळ लिहायची, आणि पुढची ठरलेली गोळी चुकवायची नाही. दिवसात तीनपेक्षा जास्त वेळा जादा लागली तर फोन करायचा, म्हणजे डोस बदलता येतो.

वेळेवर द्यायला लागल्यावर पहिले दोन दिवस काका खूप झोपतील, हे आधीच सांगून ठेवावं लागतं. आठवड्यांची साचलेली झोप असते ती. न सांगितलं तर घरचे घाबरून दुसऱ्याच दिवशी बंद करतात. झोप आणि गुंगी वेगळी कशी ओळखायची? हाक मारून, खांद्याला हात लावून बघायचं. डोळे उघडले, ओळख दिली, तर ती झोप. मग घड्याळ समोर धरून पुरा एक मिनिट छाती किती वेळा वर येते ते मोजायचं. ८ पेक्षा कमी, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आणि उठवूनही उठत नसतील, तर पुढची गोळी न देता लगेच हॉस्पिटल. हातपाय झटकत असतील, नसलेलं काही दिसत असेल, लघवी कमी झाली असेल, तर त्याच दिवशी फोन. आणि किमो चालू असल्यामुळे ताप १००.४ च्या वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही.

काका ओसरीवर बसायला तयार नव्हते ते गालाच्या जखमेच्या वासामुळे. ती रोज मिठाच्या उकळून गार केलेल्या पाण्याने धुऊन, मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची पूड भुरभुरून वर कापड ठेवायला शिकवलं. तीन-चार दिवसांत वास उतरतो. गडद रंगाचे दोन जुने टॉवेल उशाशी ठेवायलाही सांगितलं. मानेतल्या गाठीतून एकाएकी रक्त आलंच, तर पांढऱ्या चादरीवर ते फार दिसतं. का ठेवायचे हे मुलाला सांगितलं. काकूंनी विचारलं नाही.

दहा दिवसांनी गोळ्या मोजल्या. ७० पैकी ७ उरल्या होत्या, म्हणजे रोजच्या सगळ्या गेल्या होत्या आणि जादाच्या तीन लागल्या होत्या. पाटीवर ५ आणे. कागदावर ५० चौकटींत ५० फुल्या. दोन वेगळ्या शाईच्या, तेव्हा सून घरी होती.

काकू मात्र सुकलेल्या दिसत होत्या. रात्री २ ला गोळी नाही, तरी २ ला जाग येते म्हणाल्या. उठून बसतात, घड्याळ धरतात, एक मिनिट मोजतात. किती भरतात? "चौदा. रोज चौदाच." मग मंगळवार आणि शुक्रवारच्या रात्री मुलाने काकांजवळ झोपायचं आणि काकूंनी सुनेच्या खोलीत, असं ठरलं. घड्याळही मुलाकडेच राहणार.