चिठ्ठी नसलेला दगड

प्रिय बेटा,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. ‘मॅडम, बी.एस्सी.ला जिऑलॉजीच करतेय, आता एम.एस्सी.लाही तेच पुन्हा शिकायचं का?’ फोनवरही सांगता आलं असतं, पण पुढची दोन वर्षं यावर ठरणार, म्हणून नीट लिहितेय.

पेपरांची नावं बरीचशी सारखीच दिसतील. खरा फरक दगडापाशी सुरू होतो. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला ट्रेमध्ये नमुना येतो, त्यावर नंबराची चिठ्ठी असते. तू रंग, चमक, कठीणपणा बघतेस आणि जर्नलमध्ये ‘बेसॉल्ट’, म्हणजे आपला काळा लाव्हाचा दगड, असं लिहितेस. शिकवणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असतं. ते तसंच हवं. ओळख कच्ची राहिली तर पुढचं सगळं डळमळतं. एम.एस्सी.ला दगड तू शोधायचा, कुठून उचलला ते टोपोशीटवर, म्हणजे उंचसखल दाखवणाऱ्या नकाशावर, दाखवायचं, आणि त्याची स्लाइडही, म्हणजे काचेवर चिकटवून उजेड आरपार जाईल इतकी पातळ घासलेली चकती, तूच करायची.

माझी पहिली स्लाइड रामटेकच्या टेकडीवरच्या क्वार्टझाइटची. काचेवर कार्बोरंडमची पूड, थोडं पाणी, आणि दगडाची चकती गोल गोल घासत राहायची. जाडी यायला हवी 0.03 मिलिमीटर. ती पट्टीनं मोजत नाहीत. सूक्ष्मदर्शकात ध्रुवित प्रकाशाखाली (एकाच दिशेनं कंप पावणाऱ्या) त्यातलं क्वार्ट्‌झ हे खनिज पिवळसर दिसलं की अजून जाड आहे, करडं झालं की थांबायचं. मी तीन तास घासलं, शेवटी पाच मिनिटं जास्तीची झाली आणि काचेवर नुसता बाल्समचा, म्हणजे चकती चिकटवायच्या डिंकाचा, डाग उरला. दुसऱ्या दिवशी नवी चकती घेतली. कुणी रागावलं नाही, मार्कही गेले नाहीत. पण ‘आता थांब’ म्हणणारं शेजारी कुणी नव्हतं. ही सवय व्हायला मला अख्खं सेमिस्टर लागलं.

आणि आपल्या नागपूरसारखी जागा कुठे मिळणार गं! पश्चिमेला दख्खनचा काळा ट्रॅप, म्हणजे लाव्हाचे थर, पूर्वेला त्याहून कितीतरी जुने नाइस हे पट्ट्यापट्ट्यांचे दगड, उत्तरेला मनसरला मँगनीज, कामठीला कोळसा. ज्यांच्या नावाचं कॉलेज 1883 पासून इथे आहे, त्या मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी नागपूरच्या टाकळीला लाव्हाच्या थरांमध्ये अडकलेल्या तळ्याच्या गाळातून गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म गोळा केले, तेही 1850च्या दशकात. बी.एस्सी.च्या पेपरात तू लिहितेस की हे थर साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे. तिथे मार्क पूर्ण मिळतात. एम.एस्सी.च्या डिझर्टेशनला, म्हणजे शेवटच्या संशोधन प्रबंधाला, मी विचारेन, दोन उद्रेकांच्या मधल्या काळात ते तळं किती टिकलं असेल, आणि तू कशावरून म्हणतेस?

आता व्यवहाराचं. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 क्रेडिट लागतात, त्यानंतर एम.एस्सी. दोन वर्षांची. चौथं वर्ष करून ऑनर्स घेतलीस तर एम.एस्सी. एका वर्षाची. चौथ्या वर्षी संशोधन घ्यायचं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरांत 75 टक्के हवेत, तेव्हा पाचव्या सेमिस्टरला ढिलाई नको.

एक मात्र कळकळीनं सांगते. तुला यूपीएससीची सिव्हिल सर्व्हिस किंवा एमपीएससीची राज्यसेवाच द्यायची असेल, तर त्याला पदवी पुरते. ‘तयारी होईपर्यंत असू द्यावी’ म्हणून एम.एस्सी.ला प्रवेश घेऊ नकोस. अशी कितीतरी हुशार पोरं मी बघितली. फील्डला येत नाहीत, स्लाइड मित्राची मागतात आणि अभ्यासही धड होत नाही. जीव तुटतो. पण जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात जिऑलॉजिस्ट व्हायचं असेल, तर त्या यूपीएससी परीक्षेला पदव्युत्तर पदवी लागतेच. तिथे दुसरी वाट नाही.

घरी ‘अजून दोन वर्षं कशाला?’ म्हणत असतील, तर आईबाबांना माझ्याकडे घेऊन ये. मी बोलते.

तोवर एक काम कर. गेल्या सहलीतून आणलेला तो पांढऱ्या ठिपक्यांचा दगड तुझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून पडलाय. तू तीनदा विचारलंस आणि मी मुद्दाम सांगितलं नाही. रविवारी सकाळी सातला, ऊन तापायच्या आत, तो आणि भिंग घेऊन ये. ठिपके नखानं नाही, चाकूनं ओरखडून बघ, पातळ अॅसिडचा थेंब टाकून बघ, आणि काय वाटतं ते आधी वहीत लिहून आण.

तुझी,
मॅडम